नऊ देवळं की तीन?

मागच्या अंकात बँकॉकच्या देवळांवर मी पानभर लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर त्यांनाच द्यावं लागतंय. नव्या वाचकांसाठी सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे सहा वर्षं राहिले. त्या काळात माहेरचे, सासरचे, डोंबिवलीच्या सोसायटीतले, झालंच तर सोसायटीतल्यांचे व्याही असे सगळे येऊन गेले. शेवटी शेवटी वाट फो या देवळाच्या (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) तिकीट खिडकीतली बाई मला लांबून बघूनच बोटांनी विचारायची, आज किती जण?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दिवाळीनंतर पट्टाया-बँकॉकची सहल करतोय. बँकॉकमध्ये एकच दिवस मोकळा आहे. बरोबर आई (६७), बाबा (७२, गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांचा मुलगा. सहलवाल्यांनी 'एका दिवसात नऊ मंदिरं' असा कार्यक्रम दिलाय. जमेल का? नाहीतर कोणती गाळावीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल. एका दिवसात अष्टविनायकही जमतात की! संध्याकाळी मात्र विचारावं लागतं, तो विहिरीसारखा जिना उतरायचा गणपती ओझरचा की पालीचा.

हा नवाचा आकडा सहलवाल्यांनी काढलेला नाही. नवीन वर्षात नऊ देवळांना जाऊन यायचं, ही थाई लोकांची स्वतःचीच रीत आहे. त्यांच्या भाषेत नऊला म्हणतात 'काओ', आणि पाऊल पुढे टाकणं या अर्थाचा शब्दही कानाला तसाच लागतो. म्हणून नऊ देवळं केली की वर्ष पुढे सरकतं. पण ती माणसं तिथलीच. त्यांना मूर्ती बघायची नसते, पाया पडायचं असतं. तुम्हाला बघायचंय, तेव्हा तीनच करा.

पहिलं राजवाड्यातलं पाचूच्या बुद्धाचं देऊळ, वाट फ्रा केओ. दार साडेआठला उघडतं, तुम्ही सव्वाआठलाच उभे राहा. साडेनऊनंतर बसगाड्या ओतायला लागतात आणि मग बाबांना टेकायला पायरीसुद्धा उरत नाही. परदेशी माणसाला तिकीट पाचशे बाट. महाग आहे, पण काढा. पाचूचा म्हणतात तो बुद्ध खरं म्हणजे हिरव्या जेडचा, आणि उंचीला जेमतेम ६६ सेंटिमीटर. एवढ्या उंचावर बसवलाय की माझ्या वडिलांनी पहिल्यांदा विचारलं, "मूर्ती कुठाय?" त्याला तीन ऋतूंचे तीन पोशाख आहेत, उन्हाळा, पावसाळा आणि थंडीचा. ते राजा स्वतः बदलतो. तुम्ही दिवाळीनंतर जाताय, तेव्हा बहुतेक थंडीतलं सोन्याचं जाळीदार पांघरूण अंगावर असेल. आईंना हे आधी सांगून ठेवा. पंढरपूरचा विठोबाही थंडीत कानपट्टी बांधतो. त्यामुळे त्यांना पटकन ओळख पटेल.

पण अर्धा वेळ राखायचा तो देवळाभोवतीच्या ओवऱ्यांसाठी. तिथे भिंतभर रामायण रंगवलंय, एकूण १७८ चित्रं. ओवरीला छप्पर असल्यामुळे ऊन लागत नाही, शिवाय मुलाला प्रत्येक चित्रात मारुती शोधायला सांगितला की तासभर तो तुमचा राहतो. मारुती पांढरा आहे. रावण हिरवा.

तिथून वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटं. बाबांना चालवत नसेल तर टॅक्सी करा, पण मीटर टाकायला लावा. आतला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. दालन मात्र इतकं अंगाबरोबर बेतलेलं की अख्खा बुद्ध एकदम दिसत नाहीच. खांबांच्या फटीतून डोळा, मग कोपर, मग खूप चालल्यावर पाय. तळव्यांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं जडवलीत. परतीच्या बाजूने भिंतीलगत १०८ पितळी वाडगी ओळीने ठेवलेली असतात. वीस बाटला सुट्ट्या नाण्यांचं एक भांडं घ्यायचं आणि प्रत्येक वाडग्यात एकेक नाणं टाकत जायचं. माझ्या सासूबाई जप करावा तशा मोजत चालल्या होत्या. सत्त्याण्णवला नाणी संपली! पुढची अकरा वाडगी त्यांनी कनवटीच्या रुपयाच्या नाण्यांनी पुरी केली. म्हणाल्या, "त्याला काय, तो मूळचा आपल्याकडचाच." त्या दालनातला तो टण्... टण्... आवाज मला बुद्धापेक्षाही जास्त आठवतो.

दुपारी काहीही बघू नका. हॉटेल लांब असेल तर वाट फोच्याच आवारात झाडाखाली बसा. तिथे छोट्या टेकाडांवर दगडी 'रूसी' बसलेत, म्हणजे आपले ऋषी. कुणी मान मुरगाळतोय, कुणी पाय खांद्यावर घेतोय. अंगमोडणीचे हे प्रकार शिकवायला ते ठेवलेत. मालिशची शाळाही याच आवारात आहे. बाबांच्या गुडघ्यांना तासाभराचं मालिश मिळालं, तर सहलीचे निम्मे पैसे तिथेच वसूल.

चार वाजले की ता तिअन धक्क्यावर या आणि होडीने नदी पार करा. मी होते तेव्हा पाच बाट पडायचे. पलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. लांबून ते देऊळ राखाडी दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की अंगभर चिनी मातीच्या बश्यांचे आणि कपांचे तुकडे लावून फुलं केलीत. पायऱ्या उभ्या आहेत, शिडीच म्हणा. आई-बाबांना खालीच नदीकाठी बसवा, तुम्ही दोघं पहिल्या कट्ट्यापर्यंत जाऊन या. उतरताना पाठमोरं उतरायचं. सहा वाजता बंद होतं. मग होडीने परत या, आणि अंधार पडल्यावर अलीकडच्या काठावरून दिवे लागलेलं तेच देऊळ पुन्हा बघा. दुसऱ्यांदा बघण्याला तिकीट नाही.

प्रश्न : आईला फुलं, नारळ, हळदीकुंकू न्यायचंय. चालेल का? आणि बुद्धाला नमस्कार नेमका कसा करायचा? आम्ही कधी केलेला नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नारळ नको. तो फोडायला तिथे दगड नाही आणि पद्धतही नाही. कुंकू मूर्तीला लावायचं नसतं. बाहेर कमळाच्या कळ्या, तीन उदबत्त्या, मेणबत्ती आणि सोन्याच्या वर्खाचा चिमुकला कागद असा जुडगा मिळतो, तो घ्या. पाचूच्या बुद्धाच्या देवळाबाहेर पाण्याचं भांडं असतं. कमळाची कळी त्यात बुडवून लोक स्वतःच्या डोक्यावर शिंपडून घेतात. आईंना हे एकदा दिसलं की पुढचं शिकवावं लागणार नाही.

आत जमिनीवर बसायचं आणि पाय मागे वळवून घ्यायचे, तळवे मूर्तीकडे होता कामा नयेत. हे मात्र जपा. आपल्याकडेही देवाकडे पाय करत नाहीत, पण देवळात पाय लांब करून बसलं तर आपण चालवून घेतो. तिथे राखणदार येऊन हळूच खुणावतो आणि मग आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नमस्कार तीनदा, कपाळ जमिनीला टेकवून. गुडघे वाकत नसतील तर हात जोडले तरी पुरे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगू!

एक राहिलं. भिक्षूंना बायकांनी हात लावायचा नसतो, वस्तूही थेट हातात द्यायची नसते. तुमच्या आईंना कुठल्याही संन्याशाच्या पायाला हात लावायची सवय असेल, तर त्यांच्या मागेच उभ्या राहा.

नारळ फोडल्याशिवाय मन भरणारच नसेल, तर सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांचं मारीअम्मनचं देऊळ आहे. तिथे गोपुर, कापूर, झेंडू सगळं मिळेल. नवल म्हणजे तिथल्या रांगेत निम्म्याहून अधिक थाईच असतात.

प्रश्न : कपड्यांबद्दल खूप ऐकलंय. साडी चालते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : साडी उत्तम. फक्त ब्लाउज बिनबाह्यांचं नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचेही आणि पुरुषांचेही. माझा भाचा बर्म्युडावर आला आणि राजवाड्याच्या दारातून परत फिरला. समोरच्या फुटपाथवर त्याला हत्तींचं चित्र असलेली ढगळ विजार घ्यावी लागली. ती तो अजून गणपतीत घालतो. चपला काढायला सोप्या घ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सॅंडल नकोत. मोजे बरोबर ठेवा. फरशी तापते.

प्रश्न : बाई, आपण लिहिलंत की 'तिथे हे आपलंच आहे असं म्हणत फिरू नका.' मला हे खटकलं. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. रामायण आपलंच, बुद्ध आपलाच, शहराच्या थाई नावातले शब्द संस्कृत. मग आपलं म्हणायला लाजायचं कशाला?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : सर, लाजायचं नाहीच. शब्दांचं तर मलाही वेड आहे. 'वाट' म्हणजे संस्कृतातली कुंपण घातलेली जागा, आपला 'वाडा'ही त्याच घरातला. आयुथाया म्हणजे अयोध्या. ती राजधानी ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये उद्ध्वस्त केली आणि १७८२ मध्ये बँकॉक वसलं. वाट फोचं खरं नाव वाट फ्रा चेतुफोन, त्यातलं चेतुफोन म्हणजे श्रावस्तीचं जेतवन. एरावान म्हणजे ऐरावत. शाकाहाराला तिथे 'मांगसविरत' म्हणतात, म्हणजे मांसविरत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजीवालीसमोर टाळी वाजवली होती.

माझी तक्रार वेगळी आहे. 'आपलंच' म्हटलं की माणूस बघायचं थांबतो. त्या ओवऱ्यांत मी पंचवीस-तीस वेळा तरी ऐकलं असेल, "हां, रामायण आहे, चला पुढे." आणि पुढे जातात! ते रामायण नाही, ते रामाकिएन आहे. बँकॉकच्या पहिल्या राजाने १७९७ मध्ये ते लिहून घेतलं, आणि त्यातल्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यात सीता ही दशकंठाचीच, म्हणजे रावणाचीच मुलगी. जन्मताच पाण्यात सोडलेली. त्यात मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या, अर्धी मासोळी, आपल्या माशांकरवी दगड पळवून नेते. मारुती खाली पाण्यात उतरतो भांडायला, आणि प्रेमात पडून येतो. दोघांना मुलगा होतो, मच्छानु. पुढे मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवतो, तेव्हा तिथल्या दारावर पहाऱ्याला हाच मुलगा असतो आणि बाप-लेकांची गाठ पडते.

सर, आता तुमच्या लक्षात आलं असेलच. मैयराप म्हणजे महिरावण. आणि आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या कथेतही पाताळाच्या दारावर मारुतीचा मुलगा उभा असतो, मकरध्वज. आपण मात्र ब्रह्मचर्य सांभाळायला तो घामाच्या थेंबातून जन्माला घातला, मगरीने थेंब गिळला म्हणून. थाई लोकांनी सरळ प्रेमप्रकरण लिहिलं. ही तुलना 'आपलंच आहे, चला पुढे' म्हणणाऱ्याला कशी सुचणार? एका चित्रात मारुतीची शेपटी त्या मासोळीभोवती ज्या लाडाने गेलीय, ते बघून समर्थांच्या अकरा मारुतींना जाऊन आलेल्या माझ्या मावशीने डोळ्यांवर पदर घेतला. दोन मिनिटांनी पदराआडून म्हणाली, "पण काढलंय छान."

चुलतभावाच्या घरी गेल्यावर आपण त्याची भिंत, त्याचा देव्हारा कौतुकाने बघतो. हे आजोबांचंच घर, असं दारातच सांगत सुटत नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच. लिहिताना तुसडं झालं असेल, त्याबद्दल क्षमा.

प्रश्न : तिथे फसवतात असं ऐकलंय. खरं का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : खरं आहे, आणि फसलेलीच तुम्हाला उत्तर देतेय.

आम्ही नवीन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. राजवाड्याच्या भिंतीपाशी इस्त्रीच्या शर्टातला एक भला माणूस भेटला. म्हणाला, आज सकाळी पूजा आहे, वाडा दुपारी उघडेल, तोवर तीन देवळं बघून या, टुकटुकवाल्याला मी सांगतो, फक्त वीस बाट. इतक्या स्वस्तात कुणी का फिरवेल, हा प्रश्न डोंबिवलीत रोज रिक्षावाल्याशी घासाघीस करणाऱ्या मला पडला नाही. दोन देवळं झाली, तिसरं निघालं जवाहिऱ्याचं दुकान. थंडगार दालन, सरबत, 'आजच शेवटचा दिवस'. मी नीलमाची अंगठी घेतली. सुट्टीत घरी आल्यावर आमच्या सराफाला दाखवली. त्याने भिंग लावलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग पोऱ्याला म्हणाला, "ताईंना चहा सांग."

वाडा बंद आहे की उघडा, हे फक्त वाड्याच्या दारावरच्या पोशाखातल्या माणसाला विचारायचं. बाकी कुणी काहीही म्हणो.

प्रश्न : आम्ही जैन आहोत, कांदा-लसूणही नाही. उपाशी राहावं लागेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उलट तुमची सोय इतरांपेक्षा बरी. 'जे' असा एक शब्द आहे. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. चिनी वळणाचं ते पथ्याचं जेवण, त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. कंदमुळांचं मात्र विचारून घ्यावं लागेल. ज्यांना कांदा चालतो त्यांनी 'मांगसविरत' म्हणावं आणि वर 'नाम प्ला नको' असं सांगावं. नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी. आपण जसं मीठ घालतो तसं ते घालतात, आणि ते मासे खाण्यात धरत नाहीत. यात कुणाची लबाडी नाही, समजुतीचा फरक आहे. पाहुरात भागात गुरुद्वाऱ्याच्या आसपास पोळी-भाजी मिळते. आंबा-भाताचा गोड प्रकार सगळ्यांना चालतो. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर हापूसची सर नसलेला, पण गोड आंबा. आमचे रत्नागिरीचे पाहुणे दोन बश्या खाऊन मग नावं ठेवायचे.

प्रश्न : दिवाणखान्यात ठेवायला बुद्धाची मूर्ती आणावी म्हणतोय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका आणू. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला त्यांच्या कलाखात्याची परवानगी लागते. शिवाय शोभेसाठी, टीव्हीशेजारी बुद्ध ठेवणं त्यांना मनापासून खुपतं. तसे फलकही जागोजाग लावलेले दिसतात. लाकडी हत्ती आणा. हत्तीला कुणाची ना नाही.

प्रश्न : ही तीन देवळं आम्ही मागच्या वर्षी पाहिली. कामानिमित्त पुन्हा एक दिवस मिळतोय. आता काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा मला हेवा वाटतो. दुसरा दिवसच खरा.

सकाळी वाट त्राइमित, चायनाटाउनजवळ. तिथली सोन्याची बुद्धमूर्ती साडेपाच टनांची, पण कित्येक वर्षं ती चुन्याचीच समजली जायची. १९५५ मध्ये हलवताना पडली, गिलावा तडकला आणि आतून सोनं दिसलं.

मग मोठा झोपाळा. चौकात दोन उंच लाल खांब आणि वर आडवी तुळई. शंकराच्या उत्सवात त्यावर झोके घ्यायचे, ते १९३५ पासून बंद आहे. त्याच्या जवळच पांढऱ्या भिंतीआड 'थेवसथान', म्हणजे देवस्थान. १७८४ सालचं. तीन साधी घरं, एकात शंकर, एकात गणपती, एकात विष्णू. राजघराण्याचे ब्राह्मण इथले. पांढरे कपडे, केसांचा अंबाडा. राज्याभिषेकाचे विधी तेच करतात. बाहेर रस्त्यावर मूर्तींची दुकानं आहेत, माणसाहून मोठे बुद्ध प्लास्टिकमध्ये गुंडाळून फुटपाथवर ओळीने बसलेले असतात. आत मात्र शुकशुकाट. मी गणपतीपुढे मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणायला लागले आणि चौथ्या ओळीला अडले. घरी रोज म्हणते हो.

संध्याकाळी वाट साकेत, सोनेरी टेकडी. ३४४ पायऱ्या, पण गोल फिरत जाणाऱ्या आणि रुंद, वाट अरुणसारखा धाक नाही. चढताना वाटेत घंटा लावल्यात, त्या वाजवत जायचं. वरच्या स्तूपात बुद्धाचे अवशेष आहेत. आपल्या उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८ मध्ये सापडले त्यांतला काही भाग इंग्रज सरकारने सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाला दिला होता, ते हे. माथ्यावर वारा असतो. शहरात बाकी कुठेच नसतो तसा. पाण्याची बाटली खालूनच घेऊन जा, वर महाग मिळते.